गर्भातच बुडणारी लेकरे

बाळ पोटातच सुजले, त्याच्या अंगात पाणी झाले आणि ते गेले, असे आपल्या वस्त्यांतून अधूनमधून ऐकू येते. ऐकणारे हळहळतात आणि सटवाईने कपाळी लिहिले तेच होणार, असे म्हणून विषय संपवतात. ज्या घरांतून सटवाई १९५६ सालीच बाहेर पडली, त्या घरांतल्या लोकांच्या तोंडीही हे वाक्य येते, ही खेदाची गोष्ट आहे. कुठे करणी निघते, कुठे नजर, कुठे ग्रहणात उंबरठ्याबाहेर पडली म्हणून असे झाले, असा निवाडा होतो. शेवटी सारा दोष त्या बाईच्या कुशीला चिकटतो. दुसऱ्या वेळीही तसेच झाले की नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची कुजबुज सुरू होते. आम्ही आज हा विषय हाती घेतला आहे तो याचसाठी, की यातल्या काही मृत्यूंचे कारण रक्ताच्या एका थेंबात सापडते आणि त्यावरचा इलाज सरकारी दवाखान्याच्या कपाटात असायलाच हवा अशा एका साध्या इंजेक्शनात आहे. तो थेंब घेतला जात नाही, ते इंजेक्शन दिले जात नाही आणि मेलेल्या लेकराची माय मात्र आयुष्यभर कपाळाला हात लावून बसते.

डॉक्टरी भाषेत या अवस्थेला हायड्रॉप्स फिटॅलिस म्हणतात. गर्भाच्या कातडीखाली, पोटात, फुप्फुसांभोवती किंवा हृदयाभोवती पाणी साठते. असे दोन ठिकाणी पाणी दिसले की सोनोग्राफी करणारे डॉक्टर हे नाव लिहितात. पाणी बाहेरून येत नाही, ते बाळाच्या रक्तवाहिन्यांतूनच झिरपलेले असते. बाळाच्या अंगात रक्त कमी पडले की त्याचे इवलेसे हृदय दुप्पट जोराने काम करू लागते, आणि काही दिवसांत ते थकते. हृदय थकले की रक्त मागे तुंबते आणि त्यातले पाणी आसपासच्या भागात उतरते. त्यातच बाळाचे यकृत बिघडलेले असेल, तर रक्तात पाणी धरून ठेवणारी प्रथिने कमी पडतात आणि सूज आणखी वाढते. वारही जाड आणि फिकट होते. कधीकधी बाळाबरोबर आईच्याही अंगावर सूज चढते, तिचा रक्तदाब वाढतो आणि तिचाच जीव धोक्यात येतो. म्हणजे हा प्रश्न एका जिवाचा नाही, दोन जिवांचा आहे.

याची कारणे अनेक आहेत, हे आरंभीच सांगितले पाहिजे, नाहीतर अर्धवट माहितीने नवी अंधश्रद्धा तयार व्हायची. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ आरएच पॉझिटिव्ह असले की आईचे रक्त बाळाच्या रक्ताविरुद्ध उठते. एके काळी हेच मोठे कारण होते. १९६८ पासून अँटी-डी इंजेक्शन आले आणि जिथे ते वेळेवर मिळते तिथे हा धोका बराच ओसरला. हृदयाचे जन्मजात दोष आणि गुणसूत्रांचे दोष यांचाही वाटा मोठा आहे, आणि त्यातल्या पुष्कळ ठिकाणी आजचे वैद्यकशास्त्रही हात टेकते. आईला गरोदरपणी झालेला संसर्ग हे या यादीतले एक कारण आहे. सर्वांत मोठे नव्हे. पण टाळता येण्याजोगे आणि वेळेत सापडले तर बरे करता येण्याजोगे कारण कोणते, असे विचाराल तर संसर्गाकडेच बोट दाखवावे लागते. म्हणून आम्ही त्याच्याविषयी बोलणार आहोत.

त्यात पहिला उपदंश. लोक त्याला गर्मी म्हणतात आणि नाव घेताच खाली बघतात. या लाजेनेच सगळा घात केला आहे. उपदंशाचा जंतू १९०५ साली सापडला. त्याची रक्ततपासणी १९०६ साली निघाली. पेनिसिलिनने तो बरा होतो हे १९४३ साली सिद्ध झाले. म्हणजे ज्या रोगाचे कारण, तपासणी आणि औषध या तिन्ही गोष्टी आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळापासून जगाला ठाऊक आहेत, तो रोग आजही गर्भातल्या बाळांना मारतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१६ या एका वर्षात जगभर ६ लाख ६१ हजार गर्भांना व नवजात बाळांना आईकडून उपदंश लागला आणि त्यांतली १ लाख ४३ हजार बाळे पोटातच गेली. एखाद्या विमानाच्या अपघातात दीडशे माणसे मेली तर आठवडाभर मथळे चालतात. या १ लाख ४३ हजारांचा मथळा आम्ही कुठे पाहिलेला नाही.

उपदंश झालेल्या कितीतरी बायकांना आपल्याला काही झाले आहे याची जाणीवच नसते. पहिली जखम दुखत नाही, ती आपोआप भरते. नंतर अंगावर येणारे पुरळही निघून जाते. पण जंतू रक्तात राहतो, वार ओलांडतो आणि बाळाच्या यकृतात, प्लीहेत, हाडांत शिरतो. बाळाचे यकृत वाढते, रक्त कमी होते आणि विसाव्या आठवड्याच्या सुमारापासून अंगात पाणी साठलेले सोनोग्राफीत दिसू शकते. उपचार झाला नाही, तर अशा निम्म्याहून अधिक गरोदरपणांत काही ना काही अनर्थ होतो: पोट पडते, मेलेले मूल जन्मते, अपुऱ्या दिवसांचे होते किंवा रोग घेऊनच जन्माला येते.

आणि बाईला हा रोग येतो कुठून? बहुतेक वेळा नवऱ्याकडून. कामधंद्यासाठी महिनोन्‌महिने परगावी राहिलेला नवरा घरी येतो, सोबत रोग आणतो आणि तपासणीत नाव मात्र बाईचे निघते. मग सासरी तिच्या चारित्र्याचा पंचनामा सुरू होतो. आमचे स्पष्ट मत आहे, की गरोदर बाईची तपासणी पॉझिटिव्ह येताच त्याच दिवशी नवऱ्याला बोलावून त्याचीही तपासणी झाली पाहिजे आणि दोघांनाही उपचार मिळाला पाहिजे. बाईला इंजेक्शन दिले आणि नवऱ्याला मोकळा सोडला, तर महिनाभरात ती पुन्हा तिथेच येणार. हे वैद्यकशास्त्र सांगते, आणि स्त्री-पुरुष समतेची साधी बुद्धीही तेच सांगते.

उपचार काय, तर बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे इंजेक्शन. रोग नुकताच जडलेला असेल तर एकदा; जुना असेल किंवा कधीचा ते कळत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. बाळंतपणाच्या किमान ३० दिवस आधी हा उपचार सुरू झाला पाहिजे, आणि जितका आधी तितके बाळ अधिक सुरक्षित. गर्भातल्या बाळाला खात्रीने बरे करणारे याला तोडीचे दुसरे औषध नाही. गोळ्या देऊन आईचा रोग दबला तरी बाळापर्यंत औषध पुरेसे पोचत नाही. इतके सोपे असूनही अडते कुठे? एक म्हणजे पेनिसिलिनची रिॲक्शन येईल या भीतीने अनेक ठिकाणी डॉक्टर हे इंजेक्शन द्यायलाच धजत नाहीत आणि बाईला वरच्या दवाखान्याची चिठ्ठी देतात. त्या चिठ्ठीवर एका दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे जाते, म्हणून बाई जात नाही. रिॲक्शनचा धोका खरा आहे, पण तो क्वचित येतो आणि त्यावरचे ॲड्रेनॅलिन प्रत्येक दवाखान्यात असलेच पाहिजे. दुसरे म्हणजे हे औषध स्वस्त आहे. स्वस्त औषधात नफा नाही, नफा नाही म्हणून बनवणारे कारखाने मोजके. २०१४ ते २०१६ या काळात ३९ देशांत या औषधाचा तुटवडा पडला होता. गरिबाच्या रोगाचे औषध कंपन्यांनी बनवावे की नाही हे बाजार ठरवणार असेल, तर सरकार कशाला हवे?

पेनिसिलिन हाताशी असून ते मुद्दाम न देण्याचा एक काळाकुट्ट इतिहास आमच्या वाचकांना माहीत असायला हवा. अमेरिकेतील अलाबामा राज्यात, टस्कीगी येथे, १९३२ साली तिथल्या सरकारच्या आरोग्य सेवेने सुमारे ६०० गरीब काळ्या शेतमजुरांवर एक अभ्यास सुरू केला. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना तसे सांगितले गेले नाही; तुमचे रक्त खराब आहे एवढेच सांगितले. चाळीसच्या दशकात पेनिसिलिन हा सर्वमान्य उपचार झाला, तरी या माणसांना ते दिले नाही, कारण उपचाराविना रोग माणसाला कसा खातो हे साहेबांना शेवटपर्यंत पाहायचे होते. हा प्रकार तब्बल ४० वर्षे चालला. १९७२ साली वृत्तपत्रांनी तो उघडकीस आणला, तेव्हा कुठे थांबला. (त्याच १९७२ साली मुंबईत आपली तरुण पोरे दलित पँथर उभी करीत होती.) या पुरुषांच्या बायकांना रोग लागला होता, मुले रोग घेऊन जन्मली होती. १९७५ साली सरकारी वैद्यकीय मदतीत बायका-मुलांचा समावेश करावा लागला, आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ साली.

आता कोणी म्हणेल, तो गोऱ्यांचा वंशद्वेष होता, आपल्याकडे असे काही नाही. आपल्याकडे कोणी मुद्दाम औषध रोखून धरीत नाही, हे खरे. पण औषध रोखणे आणि औषध पोचवण्याची पर्वा न करणे, यांतला फरक मेलेल्या बाळाला कळत नाही. शिवाय अमेरिकेतही ही गोष्ट इतिहासजमा झालेली नाही. तिथे २०१२ साली उपदंश घेऊन जन्मलेल्या किंवा त्यापायी पोटातच गेलेल्या बाळांची नोंद साडेतीनशेच्या आत होती, ती २०२२ साली ३,७०० च्या वर गेली. दहा वर्षांत दहापट! तिथल्याच सरकारी रोगनियंत्रण संस्थेने सांगितले, की दहापैकी जवळपास नऊ बाळांचा रोग वेळेवर तपासणी आणि उपचार झाले असते तर टळला असता. आणि काळ्या, लॅटिन व मूळनिवासी मातांच्या बाळांना हा धोका गोऱ्या मातांच्या बाळांपेक्षा कितीतरी अधिक आहे. जगातला सर्वांत श्रीमंत देश हरतो, कारण पैसा वरच्या मजल्यावर असतो आणि रोग तळमजल्यावर.

उलट, जे देश अमेरिकेच्या पासंगालाही पुरत नाहीत, त्यांनी हे करून दाखवले. आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही आणि उपदंश हटवल्याचे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाणपत्र सर्वप्रथम २०१५ साली क्युबाला मिळाले. २०१६ साली थायलंडला, २०१९ साली श्रीलंकेला. श्रीलंका आपल्या शेजारी आहे. तिथे गावोगावच्या सरकारी सुईणी गरोदर बाईच्या घरी जातात, तिचे नाव नोंदवतात, तिचे रक्त तपासले गेले की नाही याचा पाठपुरावा करतात. त्यांच्याकडे आमच्यापेक्षा वेगळे कुठलेही जादूचे औषध नाही. भारतानेही राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या २०२१ ते २०२६ या पाचव्या टप्प्यात हेच ध्येय कागदावर ठेवले होते. कागदाबद्दल आमची तक्रार कधीच नव्हती.

आता दुसऱ्या संसर्गाकडे वळू, कारण तो विदर्भातल्या आमच्या वाचकांच्या थेट घरात येतो. पार्वोव्हायरस बी-१९ असे त्या विषाणूचे नाव. १९७५ साली रक्ताच्या नमुन्यांत तो योगायोगाने सापडला. नमुन्याचा क्रमांक होता बी गटातला १९, तेच नाव पडले. लहान मुलांना तो होतो तेव्हा थोडा ताप येतो आणि कोणी थोबाडीत मारल्यासारखे गाल लाल होतात. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली नीट दिसतही नाही, त्यामुळे आईबापांना पत्ता लागत नाही. आठवड्यात मूल बरे होते. पण हा विषाणू तांबड्या रक्तपेशी तयार करणाऱ्या पेशींवरच हल्ला चढवतो. पोटातल्या बाळाच्या रक्तपेशी फार काळ टिकत नाहीत आणि त्याला तर रोज नवे रक्त हवे असते. कारखानाच बंद पडला की बाळ पांढरेफटक पडते, हृदय थकते, अंगात पाणी भरते. गरोदरपणाच्या पहिल्या २० आठवड्यांत आईला हा संसर्ग झाला तर शंभरातल्या पाच ते दहा गर्भांना गंभीर इजा होऊ शकते. म्हणजे उरलेल्या नव्वदाहून अधिक बायकांची बाळे सुखरूप जन्मतात, हेही तितकेच लक्षात ठेवावे. निम्म्याहून अधिक बायकांना लहानपणीच हा रोग होऊन गेलेला असतो, त्यांना पुन्हा धोका नसतो. घाबरून पोट पाडून घेण्याचे कारण नाही.

विदर्भाचा संबंध असा, की तिथल्या आदिवासींत आणि अनुसूचित जातींत, विशेषतः आपल्या बौद्ध समाजात, सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेलच्या मुलाच्या रक्तपेशी आधीच अल्पायुषी असतात. त्याला पार्वोव्हायरसने गाठले, की चार-आठ दिवसांत त्याचे हिमोग्लोबिन झपाट्याने खाली येते, मूल निपचित पडते, रक्त चढवावे लागते. १९८१ साली लंडनमध्ये जमैकन मुलांमध्ये हा संबंध प्रथम दिसून आला. अशा वेळी त्या मुलाच्या अंगात विषाणूचा पूर असतो आणि त्याच्या उशाशी कोण बसते? त्याची आई, मावशी, काकू. ती दोन-चार महिन्यांची गरोदर असेल, तर एकाच घरातली दोन लेकरे एकाच विषाणूच्या तडाख्यात सापडतात. एक खाटेवर, एक पोटात. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला सुरू झाले. कार्ड वाटली जात आहेत, तपासण्या होत आहेत, चांगले आहे. पण सिकलसेलच्या मुलाचे रक्त अचानक उतरले तर घरातल्या गरोदर बाईला त्याच्यापासून दूर ठेवा आणि तिच्या डॉक्टरांच्या कानावर घाला, ही साधी सूचना त्या घरांपर्यंत पोचली पाहिजे. हीच गोष्ट अंगणवाडी सेविका, जिल्हा परिषदेच्या शिक्षिका, बालरुग्ण वॉर्डातल्या परिचारिका आणि सफाई कामगार बायका यांनाही लागू आहे. शाळेत एकदम दहा-वीस मुलांचे गाल लाल झाले, तर गरोदर शिक्षिकेने आपले रक्त तपासून घ्यावे.

या विषाणूवर लस नाही, औषधही नाही. पण इलाज आहे. आईला संसर्ग झाल्याचे रक्तात दिसले, तर पुढचे आठ ते बारा आठवडे दर आठ-पंधरा दिवसांनी सोनोग्राफी करायची. बाळाच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतला रक्ताचा वेग मोजला, की बाळाचे रक्त कमी झाले आहे की नाही ते सुई न टोचता कळते. कमी झाले असेल तर नाळेतल्या शिरेतून बाळाला पोटातच रक्त देता येते. पोटातल्या बाळाला रक्त देण्याचा पहिला यशस्वी प्रयोग न्यूझीलंडमध्ये विल्यम लायली यांनी १९६३ साली केला, तेव्हा सोनोग्राफीही नव्हती. आज कुशल हातांनी वेळेत रक्त दिले तर यातली बहुतेक बाळे वाचतात, आणि एकदा तो हल्ला ओसरला की बाळ पुन्हा स्वतःचे रक्त बनवू लागते. आता प्रश्न असा, की गडचिरोलीच्या एटापल्लीतल्या बाईने हे रक्त कुठे जाऊन घ्यावे? ही सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्या केंद्रांत आहे, आणि तिथे पोचेपर्यंत बाळाचे दिवस संपलेले असतात.

बाकीच्या संसर्गांविषयी थोडक्यात. सायटोमेगॅलो विषाणू, कच्च्या मांसातून किंवा मांजराच्या विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून येणारा टोक्सोप्लाझ्मा आणि रुबेला यांनीही क्वचित गर्भात पाणी साठते. त्यांचे मुख्य भय डोळे, कान आणि मेंदूच्या अपंगत्वाचे आहे. रुबेलाची लस आता गोवराबरोबर सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, ती मुलांना वेळेवर टोचून घ्यावी. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण निघाले, त्यांत अनेक गरोदर स्त्रिया होत्या; लगेच केंद्राने राज्यांना सूचना काढल्या, गरोदर स्त्रियांच्या तपासण्या झाल्या. चांगलेच झाले. झिका वर्तमानपत्रात येतो, कारण तो डासावाटे बंगल्यातही शिरतो. गर्मी आणि सिकलसेल यांना तसे पंख नाहीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना जे मांडले, ते आज पुन्हा वाचण्यासारखे आहे. बाळंतपणाआधीच्या काळात आणि नंतरही आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, कारण लोकांचे कल्याण जपणे ही सरकारची पहिली जबाबदारी आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. बाळंतपणाआधीच्या काळावर त्यांनी दिलेला भर नीट पाहा. जन्मलेल्या बाळाची काळजी सगळेच करतात. जन्माआधीच्या महिन्यांकडे त्या काळी कायदा बघतच नव्हता. पुढच्या वर्षी तो कायदा झाला. २०१७ साली संघटित क्षेत्रातल्या बायकांची प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. पण आपल्या किती बायका संघटित क्षेत्रात आहेत?

बीड जिल्ह्यातून आणि शेजारच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती नवरा-बायकोच्या जोडीवर. त्या जोडीला एक कोयता म्हणतात. बाई दवाखान्यात गेली की खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. गावात आशाताईच्या वहीत तिचे नाव असते, पण पाचवा-सहावा महिना उजाडतो तो पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याशा फडात, कोपीत. तिथली आशाताई म्हणते, ही आमच्या गावची नाही. बाळाची पूर्ण सोनोग्राफी व्हायला हवी, बाळाच्या अंगातले पाणी दिसायला हवे, ते १८ ते २० आठवडे नेमके याच काळात सरतात. वीटभट्टीवरच्या बायकांचे, मुंबईत इमारतींच्या बांधकामावर राहणाऱ्या बायकांचे याहून वेगळे नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची तपासणी करणारे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ पासून आहे. पण ९ तारीख फडाला कळत नाही. साखर कारखाने उसाच्या वजनाचा हिशेब किलोपर्यंत ठेवतात, आपल्या फडात किती गरोदर बायका आहेत याचाही ठेवू शकतात.

म्हणून आमची मागणी अगदी नेमकी आहे. गरोदर बाई पहिल्यांदा ज्या उपकेंद्रात पाऊल ठेवते, तिथेच, त्याच दिवशी, तिची उपदंशाची तपासणी झाली पाहिजे. बोटातल्या रक्ताच्या थेंबावर एचआयव्ही आणि उपदंश दोन्ही एकदम सांगणारी पट्टी आज उपलब्ध आहे, निकाल अर्ध्या तासाच्या आत मिळतो. निकाल पॉझिटिव्ह निघाला तर पेनिसिलिनचे पहिले इंजेक्शन शक्यतो त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिळाले पाहिजे; पुढच्या चिठ्ठ्या मागाहून लिहाव्यात. ज्यांना धोका अधिक त्यांची तपासणी शेवटच्या तीन महिन्यांत पुन्हा व्हावी. प्रत्येक विभागातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात गर्भाला रक्त देण्याची सोय व्हावी. नागपुरात तरी सिकलसेलचा पट्टा पाहता ती आधी व्हावी. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून गरोदर बाईला तपासणी, औषध, रक्त आणि गाडी फुकट देण्याचे सरकारने कबूल केले आहे, तेव्हा पैशाचा सवाल उपस्थित करू नये.

आणखी एक. पाणी झालेले बाळ मेलेले जन्मले, की आज काय होते? वार फेकली जाते, बाळ फडक्यात गुंडाळून बापाच्या हाती दिले जाते आणि कारणाच्या रकान्यात काही तरी खरडले जाते. आईचे रक्त घेतले जात नाही. त्यामुळे पुढच्या वेळीही तेच होते. वीस आठवड्यांनंतर मेलेले मूल जन्मलेल्या प्रत्येक बाईची उपदंशाची तपासणी झालीच पाहिजे, रक्तगट आणि आरएच पाहिला गेला पाहिजे, लागू असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डी दिले गेले पाहिजे. हा तिचा हक्क आहे.

चळवळीतल्या कार्यकर्त्यांकडूनही आमची अपेक्षा आहे. आपल्या विहारांतून धम्मवर्ग चालतात, जयंतीच्या वर्गण्या गोळा होतात, महिला मंडळे दर रविवारी भरतात. तिथे एक वही ठेवावी. वस्तीत कोणाला दिवस गेले आहेत, तिची नोंदणी झाली का, सोनोग्राफी झाली का, कोण ऊसतोडीला चालली आहे, एवढेच त्या वहीत असावे. गर्मीच्या तपासणीचा निकाल मात्र त्या वहीत कधीही येता कामा नये, तो बाईचा, तिच्या नवऱ्याचा आणि डॉक्टरांचा खाजगी विषय आहे. वस्तीतल्या नोकरदारांनी, विशेषतः आरोग्य खात्यात असलेल्या आपल्या बांधवांनी, महिन्यातून एकदा विहारात येऊन माता-बाल संरक्षण कार्ड कसे वाचायचे ते बायकांना शिकवावे. कार्डावर उपदंशाच्या तपासणीसाठी व्हीडीआरएल किंवा सिफिलिस असा रकाना असतो. तो कोरा दिसला तर त्याच आठवड्यात दोन-चार बायकांनी मिळून उपकेंद्रात जावे आणि नर्सबाईंना विचारावे, हा कोरा का? पट्टी संपली आहे असे उत्तर आले, तर ते लेखी मागावे आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे द्यावे. आणि कार्ड घेऊन जाताना सोबत नवऱ्यालाही न्यावे.